महाळुंग : सालीसाठी जपलेले फळ

(गृहविज्ञानाचे शिक्षक आणि फळबागायतदार यांच्या संयुक्त मेळाव्यात केलेले भाषण)



लिंबूवर्गातील फळ म्हटले की ते कापावे, पिळावे आणि साल टाकून द्यावी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. संत्रे असो, मोसंबे असो वा कागदी लिंबू असो, त्याचे मोल आपण रसावरून ठरवतो. आज ज्या फळाविषयी मला बोलावयाचे आहे, ते या कसोटीला मुळीच उतरत नाही. महाळुंग कापून पाहिले तर बाहेर खडबडीत, सुगंधी, पिवळी साल दिसते; तिच्या आत पांढरा, दळदार, बोटभर किंवा त्याहूनही जाड असा थर असतो; आणि अगदी मध्यभागी, एवढ्या मोठ्या फळाला न शोभणारा लहानसा आंबट गाभा असतो, आणि तोही बियांनी भरलेला. संस्कृतात या फळाला मातुलुंग आणि बीजपूर अशी दोन नावे आहेत. त्यांपैकी दुसरे नाव ठेवणाऱ्याने फळ स्वतः कापून पाहिले असले पाहिजे.

असे हे फळ आपल्या पूर्वजांनी दोन हजारांहून अधिक वर्षे जोपासले. ते कशासाठी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कारण आज परसातील महाळुंगाचे झाड तोडले जाते तेव्हा ते बहुधा एकाच कारणासाठी तोडले जाते : या फळाचे काय करावयाचे, हे त्या घरातील कोणालाही ठाऊक नसते.

प्रथम नावांचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण या विषयात नावांचा गोंधळ फार आहे. हिंदीत बिजौरा, गुजरातीत बिजोरुं, असमियात जरा टेंगा, सिल्हेटच्या बोलीत जारा लेबू, नेपाळीत बिमिरो, आणि माझ्या भाषेत, म्हणजे तमिळमध्ये, नार्त्तंगाय. तेलुगु भाषकांचे दब्बकाय आणि कानडी मुलखातील हेरळेकाई ही नावेही पुष्कळदा याच फळाला किंवा त्याच्या अगदी जवळच्या भावंडांना दिली जातात. बाजारात एकाच नावाखाली दोन-तीन प्रकारची फळे विकली जातात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञाच्या काटेकोर दृष्टीने त्यांतील काही शुद्ध महाळुंगे नसून संकरित असतात. 1888 साली इमॅन्युएल बोनाव्हिया या डॉक्टरांनी हिंदुस्थान आणि सिलोन येथील संत्र्या-लिंबांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ठिकठिकाणची देशी नावे त्यांनी मोठ्या चिकाटीने गोळा केलेली आहेत. परंतु ती वाचल्यावर वाचकाचा गोंधळ कमी होण्याऐवजी थोडा वाढतोच. हा दोष त्यांचा नव्हे. या कुळातील झाडे एकमेकांशी इतक्या सहजपणे संकर करतात की, नावांनी त्यांच्या मागे धावून धापा टाकाव्यात.

तथापि महाळुंगाचे एक वैशिष्ट्य या गोंधळातही उठून दिसते. 2018 साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिंबूवर्गातील 60 प्रकारांच्या जनुकसंचांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या पट्ट्यात, सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी झाला असावा, असे त्यात दाखविले आहे. आज आपण खातो ती बहुतेक फळे थोड्याच मूळ जातींच्या मिश्रणातून झालेली आहेत. पपनस, मँडरिन संत्रे आणि महाळुंग या त्यांतील प्रमुख होत. पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून कडू-आंबट नारिंग झाले. त्या नारिंगाचा महाळुंगाशी संकर होऊन पाश्चात्त्य देशांतील मोठे पिवळे लिंबू झाले. आपल्या कागदी लिंबाचे आणि कलमांच्या खुंटासाठी वापरल्या जाणाऱ्या जंबेरीचेही पितृत्व महाळुंगाकडेच जाते. ‘पितृत्व’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण या सर्व संकरांत महाळुंग हा परागकण देणारा जनक आहे. त्याची स्वतःची फुले पुष्कळदा उमलण्यापूर्वीच आतल्या आत स्वपरागित होतात. त्यामुळे त्याची संतती चहूकडे पसरली, पण तो स्वतः बऱ्याच अंशी शुद्ध राहिला. घरोघरी लिंबू पिळले जाते, पण त्याच्या बापाला कोणी ओळखत नाही, अशी ही स्थिती आहे.

पश्चिमेकडे गेलेले या कुळातील पहिले फळ हेच. जेरुसलेमजवळ रामत राहेल येथे इराणी अमलाखालील काळातील एका राजोद्यानाच्या जुन्या गिलाव्यात महाळुंगाचे परागकण सापडले आहेत; ते इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकातील आहेत. इ. स. पू. 300 च्या सुमारास ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने या झाडाचे वर्णन केले, तेव्हा मीडिया आणि इराण या देशांचे फळ म्हणूनच त्याने ते नोंदविले. शास्त्रीय नावातील ‘मेडिका’ हे पद या मीडिया देशावरून आले आहे. त्याचा औषधाशी संबंध नाही, जरी तसा समज सर्वत्र आढळतो. थिओफ्रास्टसने लिहिलेली गोष्ट मोठी उद्बोधक आहे : हे फळ खात नाहीत, पण त्याला सुवास उत्तम असतो, आणि कपड्यांत ठेवले तर कसर लागत नाही. ज्या संस्कृतीला फळ मुरवण्याची कला अवगत नव्हती, तिने ते कपाटात ठेवले. ज्यांना ती अवगत होती, त्यांनी ते बरणीत ठेवले.

आपल्याकडे त्याला देवाच्या हातात स्थान मिळाले. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीच्या एका हातात महाळुंग आहे. गणपतीच्या कित्येक मूर्तींत ते दिसते, आणि बौद्धांचा धनदेव जंभल हाही ते हातात धरून बसलेला असतो. बियांनी भरलेले फळ समृद्धीचे प्रतीक व्हावे, हे स्वाभाविकच आहे. नेपाळमध्ये भाऊबीजेच्या विधीत आजही बिमिरो लागते. आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत या फळाची साल, दळ आणि केसर यांचे गुणधर्म निरनिराळे सांगितले आहेत : केसर पचण्यास हलके, साल कडवट आणि जड. औषधी गुणांविषयी मी याहून अधिक बोलणार नाही. पण एकाच फळाचे तीन भाग करून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करण्याची ही दृष्टी स्वयंपाकघरासाठी आजही उपयोगी आहे.

साठवणीचा सर्वांत रोचक जुना उल्लेख मला बाबराच्या आत्मचरित्रात आढळतो. हिंदुस्थानातील फळांची यादी देताना तो तुरुंज, म्हणजे महाळुंग, याविषयी लिहितो की, बाजौर आणि स्वात येथील लोक त्याला ‘बालंग’ म्हणतात, आणि म्हणून त्याच्या सालीच्या मुरंब्याला ‘बालंग-मुरब्बा’ असे नाव पडले आहे. त्याने दोन प्रकार सांगितले आहेत. एक गोडसर, बेचव, खाल्ल्यास मळमळ आणणारा, मात्र ज्याची साल मुरंब्याच्या कामी येऊ शकेल असा; दुसरा आंबट, ज्याचे सरबत चांगले होते. हिंदुस्थानातील फळांवर बाबर सहसा खूष नसे; खरबुजे आणि द्राक्षे यांच्या आठवणीने तो व्याकूळ होई. अशा माणसाने बेचव फळाच्या सालीची नोंद करावी, ही त्या मुरंब्याला मिळालेली लहान पावती नव्हे.

आता मूळ विषयाकडे वळतो. महाळुंग टिकवण्याच्या आपल्या देशातील पद्धतींचे, माझ्या मते, तीन मार्ग आहेत : मीठ, साखर आणि आटवलेला आंबटपणा. तिन्हींचा हेतू एकच आहे. जंतू, बुरशी आणि यीस्ट यांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. ते पाणी त्यांच्यापासून हिरावून घ्यावयाचे. मीठ आणि साखर पाण्याला बांधून ठेवतात, ऊन ते उडवून लावते, आणि आम्ल उरलेल्या जंतूंना जगू देत नाही. हे तत्त्व एकदा पक्के समजले की, पाककृतींच्या पुस्तकातील प्रमाणे पाठ करण्याची फारशी गरज राहत नाही.

मिठाचा मार्ग मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो, आणि तो तमिळनाडूत परिपूर्णतेला पोहोचला आहे असे मी म्हटले, तर तो प्रांताभिमान समजू नये. ‘उप्पु नार्त्तंगाय’, म्हणजे खारवलेले महाळुंग, हे आमच्याकडे आजारी माणसाच्या उशाशी आणि प्रवाशाच्या शिदोरीत दोन्हीकडे आढळते. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते, तेव्हा दहीभाताबरोबर त्याचा एक तुकडा देतात.

कृती अशी. पूर्ण वाढलेली, परंतु अद्याप हिरवट असलेली किंवा नुकतीच पिवळी पडू लागलेली फळे घ्यावीत. ती धुऊन कोरड्या फडक्याने पुसावीत आणि पाण्याचा अंशही राहू नये म्हणून काही वेळ पसरून ठेवावीत. नंतर धारदार सुरीने फळ मळसूत्राप्रमाणे गोल गोल कापीत जावे. पट्टी तुटता कामा नये. टोकाला धरून उचलले तर फळ गुंडाळी सोडल्याप्रमाणे खाली लोंबले पाहिजे. ही कापणी केवळ शोभेसाठी नाही. तिच्यामुळे मिठाला भिडण्यास पुष्कळ पृष्ठभाग मिळतो, आणि तरी फळ अखंड राहते, त्यामुळे उन्हात घालणे व काढणे सोपे जाते. एक किलो फळाला 200 ते 250 ग्रॅम जाडे मीठ घ्यावे. त्यातील बरेचसे या वेटोळ्यांत दाबून भरावे, उरलेले बरणीच्या तळाशी आणि वर पसरावे. बरणी चिनी मातीची किंवा काचेची असावी. अॅल्युमिनियमचे भांडे अथवा कल्हई उडालेले पितळी भांडे या कामी वापरणे धोक्याचे आहे, कारण आम्ल आणि मीठ मिळून धातू विरघळवतात.

दुसऱ्या दिवसापासून मीठ फळातील पाणी बाहेर ओढू लागते. रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने फळे खालीवर करावीत. पाच-सहा दिवसांत साल मऊ पडते, आणि फळांना स्वतःच्याच रसाची भरपूर मिठवणी सुटते. यानंतर खरे काम सुरू होते. सकाळी फळे मिठवणीतून काढून उन्हात पसरावयाची आणि संध्याकाळी पुन्हा त्याच मिठवणीत टाकावयाची. उन्हाने वाळलेली साल रात्री तहानलेल्या माणसाप्रमाणे ती मिठवणी पिते. असे करता करता काही दिवसांनी बरणीतील पाणी संपते आणि सगळा आंबट-खारट अर्क सालीत जाऊन बसतो. आता फळे चामड्यासारखी चिवट होईपर्यंत वाळवावीत. त्यांचा रंग प्रथम तपकिरी होतो आणि पुढे वर्षभरात जवळजवळ काळा. मिठाचे बारीक स्फटिक वर दिसू लागतात. पाहुण्याला ते बुरशीसारखे वाटतात, म्हणून हे सांगून ठेवलेले बरे. खरी बुरशी लोकरीसारखी असते आणि तिला वास येतो; मीठ चुरचुरते.

घाईने हे काम करणारे बहुधा एका ठिकाणी चुकतात. मिठवणी फार झाली असे वाटून ते ती ओतून देतात आणि फळे नुसती वाळवतात. अशा वाळवणाला मीठ असते, पण आंबटपणा राहत नाही. महाळुंगाच्या पांढऱ्या थरात स्वतःचे आम्ल फारसे नसते. ते मधल्या केसरात असते, आणि मिठवणीच्या द्वारेच ते सालीपर्यंत पोहोचते. ती मिठवणी फेकणे म्हणजे टिकाऊपणाचा अर्धा भाग आणि चवीचा सगळा भाग फेकणे होय. दुसरी गोष्ट, मीठ कमी करण्याचा मोह. आज रक्तदाबाच्या भीतीने पुष्कळ जण तसे करतात. भीती योग्य आहे, पण उपाय चुकीचा आहे. कमी मिठात आंबवण सुरू होते, फेस येतो आणि फळ बुळबुळीत होते. मीठ बरणीत कमी करू नये, ताटात कमी करावे. आणि वैद्यांनी ज्यांना मीठ वर्ज्य सांगितले आहे, त्यांनी हा पदार्थ खाऊच नये.

फळाबरोबर पानांचाही उल्लेख करावयास हवा. नार्त्तंगायची आणि लिंबाची कोवळी पाने शिरा काढून मिरच्या, ओवा, हिंग, मीठ आणि चिंच यांच्याबरोबर कुटून त्याचे गोळे करतात. ही कोरडी चटणी कित्येक दिवस टिकते. तिचे नाव ‘वेप्पिलैकट्टि’, म्हणजे शब्दशः कडुनिंबाच्या पाल्याचा गोळा. आणि त्यात कडुनिंबाचे एक पानही नसते! हे नाव कसे पडले याविषयी आमच्याकडे प्रत्येक घरात एक वेगळी उपपत्ती ऐकावयास मिळते.

साखरेचा मार्ग अधिक मानाचा, पण अधिक कठीण. मुरंब्यासाठी पूर्ण पिकलेली, जाड सालीची फळे घ्यावीत, त्यांच्या फोडी करून मधला गाभा काढावा, आणि त्याचा रस गाळून बाजूला ठेवावा. सालीचे तुकडे काही दिवस मिठवणीत ठेवून नंतर दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात, पाणी वरचेवर बदलून, भिजत घालावेत. भूमध्य समुद्राच्या काठी हेच काम मोठ्या प्रमाणावर चाले. फळे अर्धी कापून समुद्राच्या पाण्यात अथवा मिठवणीत सुमारे 40 दिवस आंबवीत, नंतर दाट मिठवणीच्या पिंपांत भरून परदेशी पाठवीत, आणि तेथे त्यांची साखरेत मुरवलेली साल तयार होई. इटलीतील लिव्होर्नो शहर या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. साखरेच्या कामाची सुरुवात मिठाने व्हावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु मिठवणीत सालीचा कडवटपणा उतरतो आणि तिची घडण सैल होऊन पुढे पाक आत शिरण्यास वाट मिळते.

मिठाचा अंश गेल्यावर तुकडे साध्या पाण्यात शिजवावेत. टाचणी विनासायास आरपार गेली पाहिजे. साखरेत पडल्यावर साल आणखी मऊ होत नाही, उलट थोडी कठीणच होते. म्हणून जे काही मऊ करावयाचे ते पाण्यातच करून घेतले पाहिजे. पुष्कळ मुरंबे या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे बिघडतात. नंतर एक भाग साखर आणि दोन भाग पाणी असा पातळ पाक करून त्यात तुकडे बुडवून एक दिवस ठेवावेत. दुसऱ्या दिवशी पाक निथळून, त्यात आणखी साखर घालून उकळावा आणि गरम असतानाच पुन्हा तुकड्यांवर ओतावा. असे पाच-सहा दिवस केले म्हणजे पाक मधासारखा दाट होतो. त्या वेळी त्यात साखरेचे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास असते आणि मुरंबा टिकतो. शेवटच्या उकळीच्या वेळी राखून ठेवलेला आंबट रस घालावा. त्यातील आम्लाने साखरेचा काही भाग द्राक्षशर्करा आणि फलशर्करा यांत मोडतो, आणि त्यामुळे पुढे बरणीत खडीसाखर जमत नाही.

एवढे दिवस कशाला, एकदाच दाट पाकात घालून मोकळे व्हावे, असे विचारले जाते. दाट पाक आणि पाणीदार साल समोरासमोर आले की, साखर आत शिरण्यापूर्वीच पाणी बाहेर पळते. तुकडे सुकून सुपारीसारखे टणक होतात, आणि निघालेल्या पाण्याने पाक पातळ होऊन आंबतो. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. पायरीपायरीने साखर वाढवणे ही हळुवारपणाची हौस नव्हे, तो पदार्थविज्ञानाचा नियम आहे. उघडल्यावर बरणीच्या तोंडाशी बुरशी दिसली, तर वरचा थर काढून उरलेला वापरण्याची जुनी सवय मात्र सोडून द्यावी. बुरशीचे विष डोळ्यांना दिसते त्यापेक्षा खोलवर गेलेले असू शकते.

तिसरा मार्ग हिमालयाच्या उतारावरचा आहे. कुमाऊँ आणि हिमाचल या भागांत गलगल नावाचे मोठे डोंगरी लिंबू होते. महाळुंगाशी त्याचे जवळचे नाते सांगितले जाते, पण त्याला रस भरपूर असतो. हिवाळ्यात एकदम पुष्कळ फळ येते आणि मग वर्षभर येत नाही. म्हणून कुमाऊँमध्ये त्याचा रस मंद आचेवर आटवून आटवून काळा, दाट ‘चूक’ करून ठेवतात. त्यात साखरही नाही आणि मीठही नाही, निव्वळ आम्ल. तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्याच्या थोड्याशा थेंबांनी भाजी आंबट होते. चंबा येथे याच नावाने मिरच्यांचा एक झणझणीत पदार्थ ओळखला जातो, ज्यात गलगलाचा रस असतो. नाव एक, वस्तू दोन. प्रवाशाने विचारून घ्यावे.

साठवण न करता ताजी साल खाणारे लोकही आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सिल्हेट आणि बराक खोऱ्यात जारा लेबूचा तो जाड पांढरा थरच भाताबरोबर चवीने खातात, किंवा माशाच्या कालवणात घालतात. तेथे सातकडा नावाचे आणखी एक फळ मांसमाशांत घालतात. त्याचीही सालच वापरतात, पण ती जात निराळी आहे. दक्षिणेत महाळुंगवर्गीय फळांचा रस फोडणीच्या भातात, पुळिहोऱ्यात अथवा चित्रान्नात पडतो. मात्र रस पिळून उरलेली साल टाकून दिली, तर फळाचा मोठा हिस्सा टाकल्यासारखे होते.

आता बागायतदार मित्रांसाठी थोडेसे. मेघालयातील गारो टेकड्यांत नोकरेक येथे लिंबूवर्गीय वनस्पतींच्या मूळ वाणांसाठी राखीव अरण्य आहे. 1988 साली तो प्रदेश जैवावरण क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि 2009 साली युनेस्कोच्या जागतिक यादीत त्याचा समावेश झाला. गारो लोक ज्याला ‘मेमांग नारंग’, म्हणजे मृतात्म्यांचे संत्रे म्हणतात, ती दुर्मिळ जात तेथे आहे. नागपूरला याच फळांसाठी स्वतंत्र केंद्रीय संशोधन संस्था आहे. हे सर्व आवश्यकच आहे. पण अरण्यात आणि संग्रहात जातीचा नमुना राहतो. तिचा उपयोग राहत नाही. ज्यूंच्या सुक्कोत सणात महाळुंग लागते, आणि ते कलम केलेल्या झाडाचे चालत नाही, असा त्यांचा कडक नियम आहे. या एका नियमामुळे भूमध्य समुद्राच्या काठी कित्येक शतके शुद्ध वाण राखले गेले. त्यांच्याकडे हे काम विधीने केले. आपल्याकडे ते बहुतांशी लोणच्याने केले. लोणचे घालणारी पिढी गेली की झाडाला राखणदार राहत नाही, आणि प्रत्येक गावचे वाण थोडेफार वेगळे असल्यामुळे एक झाड जाते तेव्हा पुष्कळदा एक वाणच जाते.

लागवड अवघड नाही. छाटकलम सहज मुळे धरते, सुमारे तिसऱ्या वर्षी फळ येऊ लागते आणि अनुकूल हवेत ते वर्षभर येत राहते. थंडीचा कडाका आणि हिमतुषार मात्र या झाडाला मुळीच सोसत नाहीत, आणि ते फार दीर्घायुषीही नाही. सुमारे पंचवीस वर्षांत थकते. म्हणून जुने झाड उभे असतानाच त्याची फांदी लावावी. फांदी निरोगी झाडाचीच घ्यावी. विषाणूंहून सूक्ष्म अशा काही रोगकारकांची बाधा महाळुंगावर इतकी लवकर आणि स्पष्ट दिसते की, प्रयोगशाळांत इतर लिंबूवर्गीय झाडांच्या परीक्षेसाठी त्याच्या एका वाणाचा उपयोग करतात. परसातील महाळुंगाची पाने वाकडी होऊ लागली, तर शेजारच्या मोसंबीच्या मालकाने ती काळजीने पाहावीत.

व्यापारी दृष्टीने एकच इशारा देतो. कागदी लिंबाच्या लोणच्याशी भावात स्पर्धा करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. महाळुंगाला जागा अधिक लागते, वाळवण्याचे कष्ट अधिक पडतात, आणि उन्हाळ्याव्यतिरिक्त ते काम नीट होत नाही. मात्र आपल्या भागातील नाव, आपल्या भागातील कृती आणि झाडाचा ठावठिकाणा बरणीवर लिहिला, तर ते घेणारा ग्राहक वेगळा असतो. गृहविज्ञानाच्या वर्गांत आपण संत्र्याचा मार्मालेड शिकवतो, आणि तो शिकवावाच. पण विद्यार्थिनींना त्यांच्या आजीकडून स्थानिक लिंबाची एक कृती वजनमापांसह लिहून आणण्यास सांगितले, तर काय काय हाती लागते ते पाहावे. ‘अंदाजाने’ हा शब्द मात्र त्यात स्वीकारू नये. आजीच्या मुठीतील मीठ तराजूवर घालून मोजावे.

समोरच्या मेजावर तीन बरण्या ठेवल्या आहेत. खारवलेली नार्त्तंगाय दोन वर्षांची आहे. तिचा नखाएवढा तुकडा पुरे, आणि शेजारी दहीभात आहे, त्याच्याबरोबर तो खावा. दुसऱ्या बरणीत चूक आहे, त्यात केवळ काडीचे टोक बुडवावे. मुरंब्याची बरणी कृपया शेवटी उघडावी, कारण गोड आधी खाल्ले तर बाकीच्या दोहोंची चव नीट लागणार नाही. दाराजवळच्या टोपलीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या छाटकलमांच्या काड्या आहेत. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी प्रत्येकी दोन न्याव्यात, आणि त्या आजच संध्याकाळी मातीत लावाव्यात.